गोदाकाठचे संशोधन

संशोधनपर निबंधांचे संग्रह अलीकडे आमच्याकडे अभिप्रायार्थ वरचेवर येऊ लागले आहेत. बहुधा कोठल्या तरी महाविद्यालयात भरलेल्या दोन दिवसांच्या परिषदेत वाचलेले हे निबंध असतात, आणि मुखपृष्ठावर ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. आत पाहावे तो पहिला निबंध ग्रामपंचायतींतील स्त्रियांच्या राखीव जागांविषयी, दुसरा शाळेतून होणाऱ्या मुलांच्या गळतीविषयी, तिसरा राखमिश्रित काँक्रीटच्या बळाविषयी आणि चौथा एखाद्या तलावावरील पक्ष्यांविषयी. एका पंगतीस बसलेल्या पण परस्परांची ओळख नसलेल्या पाहुण्यांप्रमाणे ते शेजारी शेजारी असतात. हात धुतले की ज्याची त्याची वाट निराळी. प्रस्तावनेत संपादक ज्ञानाच्या विविधतेचा गौरव करून मोकळे होतात. ही विविधता खरी आहे काय, आणि असल्यास ती कोणाच्या उपयोगी पडते, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. तो हवेत न विचारता नाशिक व तेथून वाहणारी गोदावरी यांच्या संबंधाने विचारावा असे आम्ही योजिले आहे. कारण राजकारण, शिक्षण, स्थापत्य आणि सृष्टिज्ञान या चारही अंगांनी या नदीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील काही लेखन खरोखर उत्तम आहे.

नाशिकविषयीचा पहिला मोठा बहुविषयी ग्रंथ कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही 1883 साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या 16 व्या खंडाकडे बोट दाखवू. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेला हा ग्रंथ परक्या सरकारने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी करविला, हे विसरून चालणार नाही. सारा किती बसेल आणि कोणती जात कशी वागते हे जाणण्याची त्या सरकारची उत्सुकता त्यात लपलेली नाही. तथापि त्यात एक मोठा गुण आहे. झाडे, मासे, बंधारे, पिके, शाळा, बाजार व देवळे ही सर्व एकाच भूमीची आहेत, हे भान त्यात सुटलेले नाही. पांडवलेण्यांचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या विद्वत्तेने उजळलेला आहे. त्या लेण्यांतील एका शिलालेखाची आठवण येथे मुद्दाम द्यावीशी वाटते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या राजवटीत कोरलेल्या या लेखात एका उपासिकेने गोवर्धन येथील निरनिराळ्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवल्याचे सांगितले आहे. व्याजातून आजारी भिक्षूंस औषधपाणी मिळावे हा तिचा हेतू. या श्रेणींत कुंभारांची एक, तेल्यांची एक, आणि ‘ओदयंत्रिक’ नावाच्या कारागिरांची एक आहे. पाण्याची यंत्रे करणारे, असा त्या शब्दाचा अर्थ लावण्यात येतो. राज्य, पेढी, वैद्यक आणि जलयंत्रे अशी चार प्रकरणे एका शिळेवर एकत्र नांदत आहेत! आणि ते गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूर धरणाच्या वाटेवरचे खेडे. धरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास हा लेख कोणी दाखवीत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

स्थापत्याकडे वळावे तर या जिल्ह्याला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. विश्वेश्वरय्यांची सरकारी नोकरी 1884 साली नाशकातच सुरू झाली. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी जी ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली, तिचे तत्त्व असे की पाणी वाटेल तेथे विखुरण्यापेक्षा ते ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक पिकांस, फेरपालटाने द्यावे. बागलाणात आणि खानदेशात मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर फडपद्धत त्यापूर्वीपासून चालत आलेली होती: नदीला बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक, आणि पाणी देण्यास गावाने नेमलेला पाटकरी. ही व्यवस्था दगडचुन्याची जितकी, तितकीच माणसांमाणसांतील कराराची होती. ते स्थापत्य म्हणावे की राजकारण, हा वाद आम्ही पंडितांवर सोपवितो. 1959 पासून नाशकात महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. ‘मेरी’ या नावाने ती नाशिककरांच्या परिचयाची आहे. माती, काँक्रीट व वाहते पाणी यांच्या परीक्षेचे काम ती करीत आली आहे. परंतु त्या भिंतींआड जे ज्ञान साठले त्यातील कितीसे मराठी वाचकापर्यंत आले, असे विचारल्यास उत्तर उत्साहजनक येणार नाही.

आता ज्या ग्रंथामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. नाशकात जन्मलेले धनंजयराव गाडगीळ यांनी 1948 साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवर एक पाहणी प्रसिद्ध केली. विषय वरवर रुक्ष. कालवा काढल्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळते, एवढाच हिशेब तोवर मुख्यतः पाहिला जाई, आणि त्या हिशेबात दख्खनचे कालवे बुडीत खाती दिसत. गाडगिळांनी प्रश्नच बदलला. बागाईत मुलखातील कुटुंब आणि जिराईत मुलखातील कुटुंब यांचे उत्पन्न, मजुरी व कर्ज यांची तुलना करून त्यांनी कालव्याचा प्रत्यक्ष लाभ व अप्रत्यक्ष लाभ असे दोन भाग मांडले: शेतकऱ्यास काय मिळाले, मजुरास काय मिळाले, साखर कारखाना, बाजारपेठ, रेल्वे यांस काय मिळाले. पाणी शेतात शिरल्यानंतर ते कोठे कोठे पोहोचते याचा इतका चिकाटीचा शोध आपल्याकडे तोवर झाला नव्हता असे आमचे मत आहे. आणि हे संशोधन कपाटात राहिले नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद याच गाडगिळांनी पत्करले. अर्थशास्त्रज्ञाने स्वतःच्या निष्कर्षावर उसाची मोळी टाकून पाहावी, याहून मोठी परीक्षा कोणती!

या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याची किंमत रुपयांत करता येते ते त्यात आले. जे तसे नव्हते ते बाहेर राहिले. गोदावरीचे डावे-उजवे कालवे ज्या बंधाऱ्यातून निघतात तो नांदूरमधमेश्वरचा बंधारा निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला आणि पुढे तेथे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. अभियंत्याच्या वहीत गाळ म्हणजे तोटा. जितका गाळ तितकी साठवण कमी. पण त्याच गाळाची बेटे झाली, त्यावर पाणगवत माजले, उथळ पाण्यात मासळी वाढली, आणि हिवाळ्यात दूरदूरचे करकोचे, चक्रवाक व बदके तेथे उतरू लागली. 1986 साली तेथे अभयारण्य झाले. पुढे 2020 च्या जानेवारीत रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्रातील पहिले नाव नांदूरमधमेश्वरचे जाहीर झाले. लोक त्यास ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. म्हणजे जलस्थापत्याचे जे अपयश तेच पक्षिशास्त्राचे वैभव झाले. गाळ काढावा की ठेवावा? कालव्याखालच्या कोपरगाव-राहात्याच्या शेतकऱ्याने एक उत्तर द्यावे, पक्षिमित्राने दुसरे. आणि दोघांच्याही जवळ आपापल्या बाजूचे निबंध तयार असावेत. आमच्याकडे आलेल्या संग्रहांत या बंधाऱ्यावरील पक्ष्यांच्या याद्या आहेत, पाण्याच्या पृथक्करणाची कोष्टके आहेत, लाभक्षेत्रातील पिकांची टक्केवारी आहे. एकाच्या टिपांत दुसऱ्याचे नाव मात्र शोधूनही सापडत नाही. पक्ष्यांची यादी करणाराने गाडगीळ वाचलेले नाहीत, आणि पिकांची टक्केवारी काढणाराने पाण्याकडे मान वर करून पाहिलेले नाही.

असे होण्याने केवळ पांडित्याची हानी होते, असे कोणी समजू नये. गोदावरीचे पाणी नाशिक-नगरने किती अडवावे आणि पैठणच्या जायकवाडी धरणात किती सोडावे, हा वाद मराठवाड्यातील तहानलेल्या गावांचा आणि वरच्या भागातील द्राक्षबागांचा आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. ते प्रत्यक्षात कसे आणावे यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने 2013 साली आपला अहवाल दिला. त्यात वरच्या धरणांचे गट पाडले आहेत, आणि तुटीच्या तीव्रतेप्रमाणे कोणत्या गटाने किती साठा राखावा याची कोष्टके दिली आहेत. 15 ऑक्टोबरच्या सुमारास, खरिपाचा वापर जमेस धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे, हे त्याचे सार. 2014 साली प्राधिकरणाने त्या धर्तीवर आदेश दिला, 2016 साली उच्च न्यायालयात तत्त्व टिकले, आणि 2015, 2018 व 2023 या वर्षी प्रत्यक्ष पाणी सोडले गेले. प्रत्येक वेळी नदीच्या दोन्ही अंगांस आंदोलने झाली. महाराष्ट्राच्या राजकारणावर इतका थेट परिणाम करणारे मराठी मुलखातील लेखन अलीकडच्या काळात थोडेच असेल. पण त्याचे वाङ्मय या नात्याने परीक्षण कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. राज्यशास्त्राचे विद्यार्थी मोर्च्यांवर प्रबंध लिहितात, अभियंते कोष्टकांवर. कोष्टकातील एक आकडा बदलला तर कोणता मोर्चा निघतो, हे लिहावयास दोहोंपैकी कोणी उरत नाही.

शिक्षणविषयक निबंधांची स्थिती तर याहून केविलवाणी आहे. त्यांतील बहुसंख्य प्रश्नावलीवर आधारलेले असतात: इतक्या शिक्षकांना विचारले, इतक्यांनी ‘होय’ म्हटले. गळतीवरील निबंधात दर उतरंडीने मांडलेला असतो आणि कारणांच्या जागी ‘पालकांची उदासीनता’ हे दोन शब्द. वस्तुतः बीड-पाथर्डीकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेस लागतात तेव्हा मुलेही बरोबर जातात, आणि शाळेच्या पटावरचे नाव तेवढे मागे राहते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. म्हणजे गाडगिळांनी ज्या कालव्याचे अप्रत्यक्ष लाभ मोजले, त्याच्याच उसाची ही अप्रत्यक्ष हानी होय. 1948 च्या ग्रंथाचे हे पुढचे प्रकरण एखाद्या शिक्षणशास्त्रज्ञाने लिहावयास हवे होते. पालकांची उदासीनता म्हणून त्याने ते टाळले, हे आम्हांस क्षम्य वाटत नाही.

हे असे का होते? बुद्धीचा दुष्काळ हे त्याचे कारण नव्हे. 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीचा संबंध निबंधांच्या गुणांशी जोडला, आणि निबंध मोजले जाऊ लागले. मोजली जाणारी वस्तू बाजारात येण्यास वेळ लागत नाही. 2018 च्या मे महिन्यात आयोगास आपल्या मान्य यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेली जी नियतकालिके त्यांनी तपासली, त्यांतील 88 टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द अशा ठिकाणी फार सोयीचा पडतो. कोणताही निबंध कोणत्याही अंकात बसतो. तरी दोष एकट्या नियमांचा नाही. इंग्रजीत लिहावयाचे आणि तेही आपल्याच शाखेच्या चार परीक्षकांसाठी, हा शिरस्ता आपणच पाडला आहे. ज्याच्या शेतातील गाळ मोजला त्याला तो निबंध वाचता येत नाही, आणि शेजारच्या विभागातील प्राध्यापकास वाचता येत असून तो वाचत नाही.

उलट उदाहरण गाडगिळांच्याच घरात आहे. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 साली पश्चिम घाटावरील अहवाल दिला. बापाने कालव्याच्या शेवटच्या टोकास पाणी कोठे पोहोचते ते पाहिले. मुलाने जेथून नद्या निघतात त्या डोंगराकडे पाहिले, आणि गोदावरीचा उगम असलेला त्र्यंबकचा डोंगरही त्याच सह्याद्रीत येतो. त्या अहवालाच्या शिफारशींशी सर्वांनी सहमत व्हावे असे आम्ही म्हणत नाही. त्यातील काही आम्हांसही घाईच्या वाटतात. परंतु तो लोकभाषांत उतरवून ग्रामसभांपुढे ठेवावा, हा त्यामागील आग्रह आम्हांस शास्त्रीय निष्कर्षांइतकाच मोलाचा वाटतो. सरकारने मात्र तो प्रथम दडवूनच ठेवला, आणि माहितीच्या अधिकाराखाली झगडा झाल्यावर 2012 साली तो बाहेर आला.

नाशकात या कामाची साधने नाहीत असे नाही. 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्याच परिसरात आहे, आणि मराठीतून निरनिराळ्या विषयांची पाठ्यपुस्तके घरोघर पोहोचविण्याचा त्याचा अनुभव मोठा आहे. मेरीतील एका अभियंत्याने, एका पक्षिनिरीक्षकाने, कोपरगावच्या एका पाटकऱ्याने आणि साखरशाळेतील एका शिक्षकाने मिळून नांदूरमधमेश्वरच्या गाळावर दीडशे पानांचे पुस्तक मराठीत लिहिले, तर आजवर आलेल्या सर्व संग्रहांहून ते आम्हांस अधिक बहुविद्याशाखीय वाटेल. आणि त्याच्या परीक्षणासाठी या मासिकाची हवी तितकी पाने आम्ही राखून ठेवू.