कोनाड्यातली बॅग

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका आणि काकू यंदाच्या चैत्रात जपान पाहून आले. आल्याबरोबर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हिरव्या चहाची एकेक पुडी वाटली. मला मात्र पुडीबरोबर सहलीचे छापील पत्रकही दिले. "तुम्ही कादंबऱ्या लिहिता. जरा वाचून सांगा, आमची सहल कशी काय झाली," असे काका म्हणाले. लेखक म्हटला म्हणजे लोक त्याच्याकडे लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येतात, नगरपालिकेचा अर्ज घेऊन येतात. पण तपासायला म्हणून सहल कोणी आणून दिल्याचे मला तरी आठवत नाही.

मी स्वतः जपानला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण कादंबरीचे परीक्षण लिहिणारा कादंबरीतल्या गावी जाऊन येतोच असे नाही. त्याने कादंबरी नीट वाचलेली असली म्हणजे पुरे. हे पत्रक मी तीनदा वाचले, काकूंनी रोज रात्री लिहिलेली वही वाचली, आणि भूगोलाच्या मास्तराच्या सवयीने नकाशा पुढे ओढून तेरा दिवसांचा मार्ग पेन्सिलीने आखला. एवढ्या आधारावर हे परीक्षण आहे.

या प्रकाराला पत्रकात 'सेमी-गाइडेड' असे नाव आहे. म्हणजे तेरा दिवसांपैकी सहा दिवस वाटाड्या बरोबर. उरलेल्या दिवसांत कंपनीने आगगाडीची तिकिटे आणि मुक्कामाचे पत्ते हातात ठेवायचे आणि 'आता तुम्ही आणि तुमचे जपान' म्हणून मोकळे व्हायचे. आपल्याकडे सहलीचे आजवर दोनच प्रकार रूढ. एक, जिच्यात आचारी, पोळ्या आणि लोणच्याची बरणी यांच्यासह सगळा संसार बसमध्ये चढतो ती. आणि दुसरी, नातेवाइकांकडे उतरून त्यांच्याच मुलाला वाटाड्या करून पाहण्याची. त्या मानाने ही अर्धी वाट दाखवून अर्धी सोडून देण्याची कल्पना मला मोठी शहाणपणाची वाटली.

दाखविलेली अर्धी वाट उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. क्योतो शहरात सांजूसांगेंदो नावाचे मंदिर आहे. ते ११६४ साली उभे राहिले, पुढे जळाले आणि १२६६ मध्ये पुन्हा बांधले गेले. सुमारे १२० मीटर लांबीच्या त्या लाकडी दालनात सहस्रबाहू कान्नोनच्या १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्याच्यापुढे अठ्ठावीस रक्षकदेवता आहेत. त्यांत ब्रह्मदेव आहे, इंद्र आहे आणि गरुडही आहे. हे सांगायला कोणी नसते, तर काका-काकू 'किती मूर्ती या!' म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडले असते. वाटाड्याने नावे सांगितली आणि काकूंच्या वहीत एक सुंदर वाक्य उतरले : 'गरुड बासरी वाजवीत होता. विष्णूला सोडून इतक्या लांब आला, तर करमणूक काहीतरी हवीच.' आत छायाचित्रे काढू देत नाहीत, म्हणूनच कदाचित काकूंनी इतके नीट पाहिले.

नारा येथील तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचीही गोष्ट तशीच. ७५२ साली त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तेव्हा हातात कुंचला धरणारा भिक्षू बोधिसेन हा भारतातून गेलेला होता. हातात वीणेसारखे वाद्य घेतलेली बेंझाइतेन ही आपली सरस्वती होय. अशा ठिकाणी वाटाड्या हवाच. नाव कळल्यावाचून ओळख पटत नाही, आणि ओळख पटल्यावाचून पाहणे म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणे.

परंतु सहलीचे खरे मोल मला वाटाड्या नसलेल्या एका संध्याकाळी सापडले. ताकायामा या डोंगरातल्या गावी, जुन्या पद्धतीच्या सरायीत त्यांचा मुक्काम होता. चटयांची जमीन, कागदी दारे, सामान जवळजवळ नाहीच. खोलीच्या एका भिंतीत मात्र जमिनीपासून किंचित उंच असा प्रशस्त कोनाडा होता. काकांनी इकडेतिकडे पाहिले, 'बरी सोय केली आहे' म्हणाले आणि दोन्ही बॅगा त्या कोनाड्यात ठेवल्या. थोड्या वेळाने सरायीतली बाई चहा घेऊन आली. तिने वाकून नमस्कार केला, चहा ठेवला, आणि जाताना काही न बोलता दोन्ही बॅगा उचलून दुसऱ्या भिंतीशी नेऊन ठेवल्या. मग काकूंनी पाहिले, तर कोनाड्यात एक लांबट चित्रपट टांगलेला होता आणि त्याच्या खाली मातीच्या भांड्यात एकच फांदी. इतका वेळ ती बॅगांच्या मागे होती.

या कोनाड्याला जपानी भाषेत 'तोकोनोमा' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द अगदीच नवा नसावा. प्रभाकर पाध्ये यांनी १९६१ साली आपल्या प्रवासवर्णनाला हेच नाव दिले. त्यानंतर दोन वर्षांनी पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' आले आणि जपान मराठी घराघरांत पोहोचले. एवढ्या मोठ्या देशाबद्दलच्या पुस्तकाला भिंतीतल्या एका कोनाड्याचे नाव द्यावे, यात पाध्यांची पारख मला दिसते. आपल्या जुन्या घरांतही कोनाडे होतेच. पण त्यांत पणती, हळदीकुंकवाचा करंडा, किल्ल्या, दाढीचे सामान असे काही ना काही असायचेच. रिकामी जागा दिसली की तिच्यात काहीतरी ठेवावे, हा आपला स्वभाव. तोकोनोमातली जागा मात्र रिकामी दिसली तरी रिकामी नसते. एक चित्र आणि एक फांदी नीट दिसावी, म्हणून भोवतीची जागा राखलेली असते.

पत्रकावरचा माझा पहिला आक्षेप इथेच आहे. त्यातल्या मोकळ्या दिवसांपुढे कंसात काय लिहिले आहे पाहा : 'खरेदी; ऐच्छिक कार्यक्रम'. आणि हे ऐच्छिक कार्यक्रम तरी किती! भाड्याचा किमोनो नेसून छायाचित्र, पाऊण तासात चहाचा विधी, एका दुपारी तीन बागा. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहाच्या महागुरूने चहाची खोली लहान करीत करीत दोन चटयांवर आणून ठेवली. पाहुण्याने सगळे बाहेर ठेवून आत यावे, असा त्यामागचा भाव. त्या खोलीतून पाऊण तासात बाहेर काढून आपल्याला पुढच्या बसमध्ये बसवायचे, म्हणजे कोनाड्यात बॅग ठेवण्यासारखेच झाले. दोष एकट्या कंपनीचा नाही. गिऱ्हाईकच विचारते, "मोकळ्या दिवशी काय काय होईल?" काकांनीही विचारले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मला नकाशावर सापडला. ताकायामाजवळ 'हिदा नो सातो' नावाचे जुन्या घरांचे संग्रहालय आहे. काका-काकूंनी तेथे उंच, उतरत्या गवती छपरांची घरे पाहिली. त्यांतले एक वाकायामा घराण्याचे. पत्रकात 'पारंपरिक शेतकऱ्याचे घर' एवढेच म्हटले आहे. ते घर तेथले नव्हेच. ते आले शोकावाच्या खोऱ्यातून, आणि आले ते तेथे मिबोरो धरण व्हायचे होते म्हणून. योकोहामाच्या सांकेइएन बागेत याच खोऱ्यातले यानोहारा घराण्याचे घर आहे. तेही त्याच कारणाने तेथे गेले. गावकऱ्यांनी संघटना करून कित्येक वर्षे विरोध केला. शेवटी धरण झाले. १९६१ मध्ये ते पुरे झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

त्या गावांतल्या दोन देवळांच्या आवारात चेरीची दोन जुनी झाडे होती. धरण बांधणाऱ्या वीज कंपनीचे पहिले अध्यक्ष ताकासाकी तात्सुनोसुके यांनी त्यांतले एक पाहिले आणि ही झाडे वाचवायचीच असे ठरविले. चेरीचे जाणकार सासाबे शिंतारो यांच्या देखरेखीखाली, १९६० साली, साडेचारशे वर्षांची ती झाडे मुळांसकट उपटून डोंगरावर चढविली आणि होणाऱ्या तलावाच्या काठी लावली. लोक हसले असतील. झाडे जगली. आजही ती फुलतात, आणि उठून गेलेल्या गावांतले लोक व त्यांची मुले त्यांच्याखाली जमत आली आहेत.

आता पत्रकातली ओळ वाचा : 'ताकायामाहून बसने शिराकावा-गो. जागतिक वारसा, १९९५. प्रवास सुमारे पन्नास मिनिटे.' ही बस पन्नास मिनिटांत पोहोचते याचे कारण नवा रस्ता डोंगराच्या पोटातून, दहा किलोमीटरांहून लांब बोगद्यातून जातो. तलावाकाठचा जुना रस्ता आणि ती दोन झाडे बाजूलाच राहतात. म्हणजे ज्या खोऱ्याने आपली घरे संग्रहालयाला दिली, नेमके ते खोरे पारंपरिक जपान पाहणारा प्रवासी अंधारातून चुकवून जातो. काकूंच्या वहीत त्या दिवशी लिहिले आहे : 'बोगद्यात छान डुलकी लागली.'

मी हे सगळे काकांना सांगितले तेव्हा ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "दसरा झाला की आपण इथल्या इथे एक सहल काढू. अर्धी तुम्ही दाखवायची, अर्धी आमची." आम्ही बदलापूरचे. तेव्हा सकाळी अंबरनाथचे शिवमंदिर माझ्याकडे आणि दुपारी बारवी धरण त्यांच्याकडे, असे ठरले.

मंदिरात मी माझे काम केले. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ. शिलालेखावर शक ९८२, म्हणजे १०६० साल. सांजूसांगेंदोहून शंभर वर्षांनी वडील. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचा. काका-काकू तेथे दर महाशिवरात्रीला जातात, पण रांगेत समोरच्याची पाठ पाहत. या खेपेला त्यांनी देवळाला बाहेरून सावकाश फेरी घातली. काकूंनी एकेका मूर्तीपुढे थांबून विचारले, "ही कोण?" तीन ठिकाणी मला उत्तर आले नाही. हा प्रश्न विचारायला त्या शिकल्या त्या क्योतोत, हे सहलीच्या जमेस धरलेच पाहिजे.

दुपारी मुरबाडच्या रस्त्याने बारवीकडे गेलो. पाऊस सरलेला, पाणी काठोकाठ, पलीकडे हिरवे डोंगर. धरणाच्या भिंतीकडे न जाता रस्त्याच्या कडेला, जेथून पाणी दिसते तेथे, आम्ही डबे सोडले. काका खूष होऊन म्हणाले, "काय मोकळे वाटते हो! डोळ्याला काही अडवत नाही." शेजारी एक म्हातारा काकड्यांची पाटी घेऊन बसला होता. काकूंनी काकड्या घेतल्या आणि, वाटाड्याला विचारायच्या सवयीनेच की काय, त्याला विचारले, "बाबा, तुम्ही इथलेच का?" त्याने पाण्याकडे बोट केले. "त्या तिथं आमची विहीर. तिच्या अंगाला चिंच होती," एवढेच तो म्हणाला आणि सुट्टे पैसे मोजू लागला.

बारवीचे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. १९७२ मध्ये त्याचा पहिला टप्पा झाला. ठाणे जिल्ह्यातले कारखाने आणि कितीतरी शहरे या पाण्यावर जगतात. पुढे शहरे वाढली तसतशी धरणाची उंची वाढली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी वाढीव उंचीपर्यंत चढले. तोंडली, मोहघर अशा गावांची घरे, शेते त्यात गेली. हे मी वर्गात शिकवतो. 'बाधित गावे' या शब्दांत शिकवतो. त्या शब्दांत विहीर नाही, चिंच नाही. आणि काठावर दुसरीकडे नेऊन लावलेले झाडही मला कुठे दिसले नाही.

मिबोरोची झाडे वाचली म्हणून तेथल्या लोकांचे दुःख कमी झाले, असे मला म्हणायचे नाही. गाव ते गाव. पण त्या झाडांमुळे पाण्याकडे पाहणाऱ्याला निदान विचारावेसे वाटते, की ही झाडे इथे कशी? आमच्या पाण्याकडे पाहणारा म्हणतो, काय मोकळे वाटते. कोनाडा रिकामा समजून बॅग ठेवणारे काका एकटेच नव्हेत. गेली कित्येक वर्षे शाळेच्या सहली काढताना याच काठावर मी मुलांना अंताक्षरी खेळायला लावीत आलो आहे.

तेव्हा परीक्षणाचा निकाल असा. सहल चांगली आहे, अवश्य जावे. वाटाड्याच्या सहा दिवसांत नावे शिकावीत, आणि मोकळ्या दिवसांपुढचा कंस खोडून टाकावा. ताकायामाला गेलात तर एक दिवस बोगद्याची बस सोडून जुन्या रस्त्याने तलावापर्यंत जाता येते का, ते पाहावे. आणि ज्यांना जपान परवडत नाही, त्यांनी आपल्या घराजवळच्या पाण्याकाठी जाऊन काकडीवाल्याला एक प्रश्न विचारावा.

परत निघताना काका बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारले, "चिंच आंबट होती की गोडसर?"

म्हातारा प्रथमच हसला. "गोडसर," तो म्हणाला. "पोरं कच्चीच खायची." आणि मग, आम्ही डबे भरून उभे असतानाच, तो पाटी बाजूला सारून सांगू लागला.