प्राप्तिस्थानाचा आकडा आणि प्राप्तिस्थानाचा अर्थ

१

हाती धातुशोधक यंत्र, खिशात उपग्रहांच्या साह्याने स्थाननिश्चिती करणारे जी.पी.एस. यंत्र आणि पिशवीत परिसराचा नकाशा, अशा सरंजामानिशी नांगरलेल्या शेतांतून सुटीच्या दिवशी हिंडणारी माणसे इंग्लंडच्या ग्रामीण भागात आता सहज आढळतात. या छंदाचे वर्णन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्या छंदातून निर्माण होणाऱ्या एका छोट्या लेखनप्रकाराची, म्हणजे प्राप्तिस्थानाच्या नोंदीची, समीक्षा येथे करावयाची आहे. नोंद ही दोन-चार ओळींची असते. तिला कोणी वाङ्मय म्हणणार नाही. परंतु तिच्यावर इतिहासाची विधाने उभी राहतात, आणि ज्या लेखनावर विधाने उभी राहतात त्याची परीक्षा संहितेच्या परीक्षेइतकीच काटेकोरपणे व्हावयास हवी.

या नोंदींविषयी दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एका मताने, स्थानाचा आकडा यंत्राने दिला की शास्त्राची अट पूर्ण झाली. दुसऱ्या मताने, हौशी शोधक हा मुळातच भूमीचा विध्वंसक असल्याने त्याची नोंद कितीही नेटकी असली तरी ती निरुपयोगीच होय. आमच्या मते ही दोन्ही मते एकाच चुकीतून निघालेली आहेत. दोहोंनीही नोंद म्हणजे केवळ एक बिंदू असे गृहीत धरलेले आहे.

२

प्रथम आकड्याचे स्वरूप पाहू. ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेच्या नकाशांवर सर्व देश शंभर किलोमीटरच्या चौरसांत विभागलेला असून प्रत्येक चौरसास दोन अक्षरांचे नाव आहे. त्यापुढे चार अंक दिले तर एक किलोमीटरचा चौरस निश्चित होतो. सहा अंकांनी शंभर मीटरचा, आठांनी दहा मीटरचा आणि दहांनी एका मीटरचा. नुसत्या नकाशावर पट्टी ठेवून साधारण मनुष्य सहा अंकांपर्यंत पोचे. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन शासन नागरी उपयोगाच्या उपग्रह-संकेतांत हेतुपुरस्सर बिघाड ठेवीत असल्याने जी.पी.एस. यंत्रही शंभर मीटरपर्यंत चुके. तो बिघाड काढून टाकल्यावर मोकळ्या शेतात हातातले साधे यंत्र काही मीटरांच्या आत स्थान सांगू लागले. हौशी शोधकाच्या हाती जे सामर्थ्य आले ते एवढ्या अलीकडचे आहे.

परंतु येथेच पहिला सावधगिरीचा इशारा द्यावा लागतो. यंत्राचा पडदा दहा अंक दाखवितो, म्हणून शोधक दहा अंक लिहितो. ज्या यंत्राची चूक तीन ते पाच मीटर असू शकते त्याने एका मीटरचा चौरस सांगावा यात शेवटचा अंक पडद्याचा असतो, भूमीचा नसतो. झाडीखाली ही चूक आणखी वाढते. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ब्रिटनचे जुने नकाशे एरीने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत, तर उपग्रहपद्धती निराळ्या आकारमानावर. एका पद्धतीचे अक्षांश-रेखांश दुसरीच्या नकाशावर तसेच मांडले तर स्थान सुमारे शंभर मीटर सरकते. एवढ्या अंतरात कुंपण ओलांडले जाते, शेताचा मालक बदलतो, आणि बक्षिसाची रक्कम शोधक व भूस्वामी यांच्यात सामान्यतः निम्मी-निम्मी वाटली जाते हे ध्यानी घेतले म्हणजे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. आपल्याकडील भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या आकारमानावर, आणि २००५ च्या नकाशाधोरणानंतरची खुली मालिका उपग्रहपद्धतीच्या आकारमानावर आहे. तेव्हा हा धडा आपणांसही लागू आहे.

तिसरी गोष्ट नांगराची. नांगरटीच्या थरातील वस्तू वर्षानुवर्षे मागेपुढे ओढली जात असते. ती आज कोठे आहे हे यंत्र सांगते. ती कोठे पुरली वा पडली होती हे सांगत नाही. स्टॅफर्डशरमध्ये २००९ च्या जुलैत एका नांगरलेल्या शेतात ऍंग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा जो प्रचंड ठेवा मिळाला, त्याचे प्राप्तिस्थान उत्तम प्रकारे ज्ञात आहे. तेथे पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खननही केले. सुमारे ४,६०० वस्तू व तुकडे हाती आले. परंतु ते ज्यात पुरले असतील असा खड्डा अथवा एखादी वास्तू सापडली नाही. तो ठेवा तेथे का होता, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे. आकडा पूर्ण आणि अर्थ अपूर्ण, याचे याहून ठळक उदाहरण शोधावयास नको.

३

मग नकाशाचे काम केवळ बिंदू दाखविण्याचे आहे काय? चांगला शोधक बाहेर पडण्यापूर्वी नकाशा वाचतो, आणि हे वाचन नोंदीहून अधिक विचारार्ह आहे. १८३६ च्या धर्मकर-परिवर्तनाच्या कायद्यान्वये इंग्लंड व वेल्समधील असंख्य गावांचे जे नकाशे तयार झाले त्यांत प्रत्येक शेताचा क्रमांक असून सोबतच्या यादीत अनेकदा शेताचे नावही आहे. ‘ब्लॅकलँड्स’ म्हणजे काळी भुई, असे नाव आढळले की अनुभवी मनुष्य थबकतो. कारण रोमन काळच्या वस्तीची राख, कोळसा आणि कुजलेले द्रव्य मिसळून माती काळपट झाली असण्याचा संभव असतो.

येथे मराठी वाचकास आपल्या ‘पांढरी’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्या गावगाड्यात पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मातीच्या घरांच्या ढिगांतून आणि चुलींच्या राखेतून पांढुरकी झालेली ही जमीन जुन्या वसाहतीची खूण म्हणून दख्खनच्या पुरातत्त्वज्ञांना फार उपयोगी पडली आहे. तेथे वस्तीने भुई काळी झाली, येथे पांढरी. रंग उलट, परंतु भाषेने स्मृती जपण्याची रीत एकच. उपग्रहाला हे नाव ठाऊक नसते. शेताचे नाव गावकऱ्याच्या तोंडून ऐकून नोंदीत घेतले नाही, तर दहा अंकांचा आकडा असूनही ती नोंद मुकी राहते.

४

बिंदूला अर्थ येतो तो दुसऱ्या बिंदूंच्या संगतीने. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये कस्टरच्या घोडदळाचा मूलनिवासी जमातींनी पराभव केला. त्या रणभूमीवरील गवत १९८३ मध्ये वणव्यात जळाले, आणि पुढील वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली धातुशोधक यंत्रांनी तिची पद्धतशीर पाहणी झाली. सापडलेली प्रत्येक पुंगळी जागच्या जागी ठेवून तिचे स्थान मोजले गेले. बंदुकीची कळ पुंगळीवर जो ठसा उमटविते तो प्रत्येक बंदुकीचा निराळा असतो. त्यामुळे एकच बंदूक मैदानात कोठून कोठे गेली हे कळू शकले. मूलनिवाशांच्या हाती किती विविध आणि आधुनिक बंदुका होत्या हेही स्पष्ट झाले. हातातील जी.पी.एस. यंत्र त्या काळी कोणाजवळ नव्हते. एकेका पुंगळीची किंमत शून्य होती. त्यांच्यामधील अंतरांना आणि क्रमाला मात्र इतिहासाचे मोल आले. नोंद हे शब्द असतील तर परस्परसंबंध हे वाक्य होय.

हे वाक्य मोडले म्हणजे काय होते ते लेमस्टरच्या ठेव्याने दाखवून दिले. २०१५ साली हेरेफर्डशरमधील लेमस्टरनजीक दोघा शोधकांना व्हायकिंग काळचा ठेवा मिळाला. १९९६ च्या निधिकायद्यानुसार चौदा दिवसांच्या आत कळवावयाचे ते त्यांनी कळविले नाही, भूस्वामीस सांगितले नाही, आणि नाणी विकावयास काढली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी फार थोडी हाती आली. २०१९ मध्ये दोघांनाही कारावासाची शिक्षा झाली. मिळालेल्या नाण्यांत वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा चेओलवुल्फ यांच्या सहकार्याची साक्ष देणारी अत्यंत दुर्मीळ नाणी आहेत. वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत या चेओलवुल्फची संभावना हलक्या शब्दांत केलेली आहे. म्हणजे जेत्यांच्या लेखणीस उत्तर देणारा पुरावा भूमीत होता, आणि त्याची बरीच पाने बाजारात विखुरली गेली. हरवलेल्या नाण्यांची किंमत सांगता येईल; हरवलेल्या क्रमाची सांगता येणार नाही.

५

याच्या उलट बाजूचाही विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. अचूक नोंद ही चोरासही वाट दाखविते. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमन काळच्या देवस्थानाची माहिती न्यायालयीन कामकाजातून उघड झाल्यावर, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, तेथील हजारो नाणी लुटली गेली. त्या अनुभवातून निधिकायद्याच्या सुधारणेस चालना मिळाली. १९९७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तिने यावर मध्यम मार्ग काढला आहे. अभ्यासासाठी अचूक आकडा दप्तरी ठेवावयाचा, आणि सर्वांना मात्र फार तर एक किलोमीटरचा चौरस दाखवावयाचा. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे या तत्त्वास यामुळे बाध येतो, हे खरे. तथापि जे ज्ञान प्रसिद्ध होताच आपल्या विषयाचाच नाश करते, त्यास थोडा पडदा असणे आम्हांस न्याय्य वाटते.

६

नोंदीच्या या प्रकारात सर्वांत मोठी उणीव कोणती, असे विचारल्यास आमचे उत्तर असे : तिच्यात न सापडल्याची नोंद नसते. शेकडो बिंदूंचा नकाशा पाहून आपण म्हणतो की अमुक खोऱ्यात वस्ती दाट होती. वस्तुतः त्या खोऱ्यात शोधकच दाट असतील, तेथील भूस्वामी उदार असतील, अथवा तेथे जाण्यास रस्ता चांगला असेल. शोधलेल्या भूमीचा नकाशा जोडीस नसेल, तर सापडलेल्या वस्तूंचा नकाशा हा शोधकांच्या सवयींचा नकाशा ठरतो. आणि हातातील जी.पी.एस. यंत्राचा खरा उपकार नेमका येथेच होऊ शकतो. ते बिंदूच टिपते असे नाही. दिवसभर हिंडलेली वाटही टिपते. ती वाट जपून ठेवली तर ‘येथे पाहिले, काही मिळाले नाही’ हे विधान करता येते. बहुतेक शोधक सायंकाळी ती वाट पुसून टाकतात आणि बिंदू ठेवतात. जे पुसले जाते तेच अधिक मोलाचे आहे, हा आमच्या टीकेचा मुख्य मुद्दा होय.

मॅकेंझी क्रूक यांच्या ‘डिटेक्टोरिस्ट्स’ या २०१४ ते २०१७ च्या दूरचित्रवाणी-मालिकेने हे मर्म विनोदातून हेरले आहे. तिच्या तिसऱ्या भागात नांगराने उघडी पडलेली सुवर्णनाणी मॅगपाय पक्षी उचलून झाडावरच्या घरट्यात नेतात. खाली दोघे मित्र जमीन पिंजून काढीत असतात, आणि धन त्यांच्या डोक्यावर असते. अखेरीस त्यावर नाण्यांचा वर्षाव होतो, तेव्हा प्रेक्षक आनंदतो; आनंदावेही. परंतु पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्या क्षणी नाण्यांचे मूळ स्थान कायमचे गेलेले असते. मालिका त्या हानीपाशी थांबत नाही. ललितकृतीस तो अधिकार आहे, नोंदीस नाही.

७

आपल्याकडे असा छंद मोकळेपणाने करता येण्याजोगा नाही. १८७८ चा निधिकायदा दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्यास सांगतो. १९५८ आणि १९७२ चे कायदे संरक्षित स्थळे व पुरावस्तू यांविषयी आणखी बंधने घालतात. तरीही प्रश्न आपलाच आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्यास झाडाचा बुंधा खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार ब्राँझप्रतिमा मिळाल्या. जागा सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रतिमा रीतसर उत्खननात, स्तरात, मिळाल्या नसल्याने त्या उत्तर हडप्पाकालीन की पुढच्या, याविषयी विद्वानांत मतभेद झाला. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरूनही शंका घेण्यात आली. कोणत्याही उपग्रहाचा आकडा हा वाद मिटवू शकला नसता, कारण वाद जागेचा नसून थराचा होता.

आपल्या ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीची चतुःसीमा सांगण्याची प्रथा होती : पूर्वेस अमुक गाव, दक्षिणेस नदी, पश्चिमेस अमुक शेत. त्या लेखकांना बिंदू सांगता येत नव्हता, म्हणून त्यांनी संबंध सांगितले. आम्हांस बिंदू सांगता येतो, म्हणून आम्ही संबंध सांगणे सोडून देऊ लागलो आहोत. शिलालेख, बोलीचे नमुने वा लोकगीते गोळा करावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीही आज स्थाननिश्चितीचे यंत्र असते. त्याने आकडा अवश्य लिहावा. मात्र त्याबरोबर यंत्राची संभाव्य चूक, कोणत्या पद्धतीचा आकडा ते, मातीचा रंग, गावकऱ्यांच्या तोंडचे जागेचे नाव, शेजारी काय होते, परवानगी कोणाची, आणि कोठे पाहून काहीच मिळाले नाही, हेही लिहावे. आकड्याभोवती अशी चतुःसीमा आखली गेली, तरच पुढचा अभ्यासक त्या जागी उभा राहून आपल्याशी वाद घालू शकेल. आणि तो वाद घालता यावा, याचसाठी नोंद करावयाची असते.