उपकाराची आठवण

मराठीत ‘उपकार’ हा शब्द मोठा विचित्र आहे. उपकार करणारा थोर ठरतो, पण उपकार घेणारा मात्र खाली मान घालतो. आपण उपकाराखाली दबतो, उपकाराच्या ओझ्याने वाकतो आणि ते फेडून एकदाचे मोकळे होऊ पाहतो. सावकाराचे कर्ज आणि शेजाऱ्याचा उपकार यांना आपण जवळजवळ एकच भाषा लावली आहे. अशा भाषेत ख्रिस्ती मंडळींनी ‘उपकारस्तुती’ हा शब्द रुजवला, हे मला फार धीटपणाचे वाटते. उपकार फेडायचा नाही, त्याची स्तुती करायची; ओझे उतरवायचे नाही, गाणे करून मिरवायचे! हे खरोखर जमते काय, की तो केवळ प्रार्थनामंदिरातला शब्द आहे? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर एका प्रवचनात नव्हे, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडते.

हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याच्या विनोदाची, घरगुती बोलीची आणि निर्मळ प्रांजळपणाची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु तो विनोद कोणत्या मुळातून ओलावा घेतो, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. मला वाटते, ते मूळ कृतज्ञतेचे आहे.

‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेले मारून टाकणारा. तेव्हा कृतज्ञता ही आधी जाणीव आहे, आठवण आहे. गोड बोलणे ही त्यानंतरची गोष्ट. लक्ष्मीबाईंच्या आठवणीत गोड तेवढेच आहे असे मुळीच नाही. वडिलांचे सोवळे इतके कडक, की मीठसुद्धा धुऊन घ्यावे! अकराव्या वर्षी लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे कवी, विद्वान आणि कमालीचे लहरी. संसाराच्या जिनसा आणायला दिलेल्या पैशांतून हौसेची दौत घेऊन येणारा हा गृहस्थ, आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी! पुढे १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तर या बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. नवरा जिवंत असून नाही, पदरी लहान मुलगा आणि भोवती नातलगांचा कोंडमारा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, मनातल्या सोवळ्याशी स्वतःच झगडल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला.

यातले काहीही त्यांनी लपवले नाही, हा माझ्या दृष्टीने ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण. टिळकांचा हट्ट, त्यांचा राग, त्यांचे विसराळू औदार्य आणि त्यापायी आपली झालेली परवड, सारे काही वहीत मांडलेले आहे. पण जमाखर्चाची वही अपुरी ठेवून कृतज्ञ होता येत नाही; झालेला त्रास खोडून केलेले कौतुक म्हणजे खुशामत. लक्ष्मीबाई दोन्ही बाजू लिहितात, आणि बेरीज करताना त्यांच्या ओठांवर हसू येते. ज्याने रडवले त्यानेच अक्षरओळख वाढवली, कवितेची गोडी लावली, जातीच्या भिंतीपलीकडचे जग दाखवले, हे त्या विसरत नाहीत. ‘आभारी आहे’ असे शब्द त्यांच्या लेखणीतून वारंवार येत नाहीत. त्यांची वाक्येच आभारी असतात.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. सोसणाऱ्या बाईलाच कृतज्ञ राहायला सांगणे सोपे असते. दुष्काळात मिशनने पोसलेल्या माणसालाही ‘तू उपकार मान’ असे बजावले गेलेच असेल. मग ही वृत्ती म्हणजे दुबळ्याच्या गळ्यात बांधलेले गोड लोढणे नव्हे काय?

टिळकांचे चरित्र या आक्षेपाला उत्तर देते. १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या उपकाराची फेड कोणाकडे करणार? अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, ‘ज्ञानोदया’च्या संपादनात भाग घेतला, परंतु १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, हेही ते मोकळ्या मनाने सांगत. म्हणजे त्यांनी मिशनचे ऋण नाकारले नाही, वारकऱ्यांचेही नाही, आणि मिंधेपणा मात्र कोणाचाच पत्करला नाही. खरी कृतज्ञता पाठीचा कणा मोडीत नाही. ती नीट उभे राहायला शिकवते.

ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्याकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. प्रभुभोजनाचे जुने ग्रीक नाव ‘यूखारिस्त’, म्हणजेच उपकारस्तुती. येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते विश्वासघाताच्या रात्री, उद्याचे मरण समोर दिसत असताना. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परतला, ही लूकने सांगितलेली गोष्टही अशीच मार्मिक. परतलेला तो शोमरोनी, म्हणजे परका. बरे दहाही झाले. पण ज्याच्यामुळे बरे झालो त्याच्याकडे तोंड वळवले एकानेच.

‘स्मृतिचित्रे’त दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात प्रसंग विस्कळीत होतात, आणि टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतर कथनाचा कणा काहीसा सैल पडतो. तरी वाचून मिटताना मन भरलेले राहते, कारण ज्यांना कोणी आठवले नसते अशी कितीतरी माणसे या बाईने आठवून ठेवली आहेत. निराधार पोरे, शेजारणी, घरी राहिलेला रुसका, हळवा ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. प्रत्येकाला तिच्या ओसरीवर जागा आहे.

आम्ही बिद्रीकर ऊसवाले लोक. बेंदराला बैलाची शिंगे रंगवतो, वसुबारसेला गाय पुजतो. केलेले जाणण्याची रीत आम्हांला परकी नाही. दिवाळीच्या सुमारास दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या परिसरात नव्या हंगामाची लगबग सुरू होते, आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेली कुटुंबे फडाच्या कडेला पाली ठोकतात. आपल्या घरी करंज्या तळल्या जात असतात, तेव्हा त्यांची पोरे पाचटावर निजलेली असतात. करंजीतल्या साखरेत त्यांच्या कोयत्याचा वाटा आहे. बैलाची आठवण ठेवणाऱ्या गावाने या माणसांची नावेही न विचारावीत, हे कृतज्ञतेत बसत नाही. उपकारस्तुतीला गळा लागतो, पण त्याआधी आठवण लागते. लक्ष्मीबाईंनी ती आयुष्यभर जपली. यंदा फराळाचे ताट भरताना एक ताट फडाकडेही जावे, आणि नेणाऱ्याने तिथल्या माणसाचे नाव विचारून परतावे.