किशोरवयीनांतील व्यक्तिगत बलस्थानांचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना : मानसशास्त्रीय चाचण्यांचा भर दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या उणिवा शोधण्यावर राहिला. त्यास पर्याय म्हणून क्रिस्टोफर पीटरसन व मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये सहा सद्गुणांखाली २४ चारित्र्यबलांचे वर्गीकरण मांडले. त्यावर आधारित, १० ते १७ वयोगटासाठीची १९८ विधानांची प्रश्नावली नानसूक पार्क व पीटरसन यांनी २००६ मध्ये विशद केली. शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने हे कार्य मोलाचे असले, तरी त्याच्या उपयोगाची मर्यादा तपासणे अगत्याचे आहे.

विवेचन : प्रत्येक विधान आपणास कितपत लागू पडते, हे विद्यार्थ्याने पाच पर्यायांतून सांगावयाचे असते. म्हणजेच येथे मोजली जाते ती चिकाटी नव्हे, तर चिकाटीविषयीची स्वतःची धारणा. पहाटे घरकाम आटोपून एस.टी.ने कनिष्ठ महाविद्यालयात येणारी विद्यार्थिनी 'मी चिकाटीने काम करते' या विधानापुढे मधला पर्याय निवडू शकते. कारण तिची तुलना दिवसभर राबणाऱ्या आईशी असते. सुखवस्तू घरातील विद्यार्थी त्याच विधानाला सर्वोच्च गुण देऊ शकतो. दोघेही प्रामाणिक असतात. भिन्न असतो तो निकष. अँजेला डकवर्थ व डेव्हिड येगर यांनी २०१५ मध्ये नेमक्या याच दोषाकडे लक्ष वेधले आणि अशा गुणांवरून शाळांची तुलना करण्याविरुद्ध सावध केले.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. 'नम्रता' म्हणजे स्वतःच्या मर्यादांची जाण. परंतु आपल्याकडे मोठ्यांना उलट उत्तर न देणे हाही त्याचा रूढ अर्थ आहे. त्यामुळे केवळ शब्दशः भाषांतर केल्यास बलस्थानाऐवजी आज्ञाधारकपणाच मोजला जाण्याचा संभव असतो.

निष्कर्ष : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनासोबत सहाध्यायी व शिक्षक यांच्या मूल्यमापनाचाही समावेश सुचविला आहे. ही दिशा योग्य आहे. एकाच विद्यार्थ्याची बलस्थाने परस्परांशी ताडून त्याच्याशी संवाद साधण्यास अशी प्रश्नावली उपयुक्त ठरते. मात्र दोन विद्यार्थ्यांची प्रतवारी लावण्यासाठी ती वापरल्यास उपरोक्त विद्यार्थिनीची चिकाटी कागदावर उणी ठरेल, आणि तो दोष तिचा नसून मापनाचा असेल.