नळीच्या टोकाशी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बोमनचं संपुट भेटतं. आकृतीत त्याच्याकडे बाण काढायचा, नाव लिहायचं, गुण घ्यायचे. बोमन तिथंच संपतो. ज्या निबंधामुळे हे नाव आकृतीत आलं तो मात्र सहसा कुणी उघडत नाही. विल्यम बोमननं तो फेब्रुवारी १८४२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला, तेव्हा त्याचं वय होतं पंचवीस. विषय मूत्रपिंडातल्या बारीक गोल पिंडांची रचना आणि त्यांचा उपयोग. शरीरशास्त्राचा निबंध म्हणून तो जुना झाला, त्यातला निम्मा निष्कर्ष आज मान्य नाही, तरीही एखाद्या चांगल्या कथेसारखा तो सावकाश वाचावा असा आहे.

आधी त्याच्या हाती काय होतं ते पाहू. मार्चेल्लो मॅल्पीगीनं १६६६ मध्ये मूत्रपिंडाच्या रोहिणीत काळा रंग सोडून पाहिला होता. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना सफरचंदं लगडावीत तसे गोल ठिपके त्याला दिसले. हे ठिपके मूत्र वाहून नेणाऱ्या नळ्यांना जोडलेले असावेत असं त्याला वाटलं, पण जोड दाखवता आला नाही. पुढं पावणेदोनशे वर्षं हा जोड आहे की नाही यावरच वाद चालला. १८३० मध्ये बॉनच्या योहानेस म्यूलरसारख्या मातब्बर माणसानं ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं.

बोमन या वादात उतरतो तो युक्तिवाद घेऊन नाही, एका बिघडलेल्या नमुन्यासह. त्याची रीत अशी: मूत्रपिंडाच्या रोहिणीत आधी एक रासायनिक द्रावण सोडायचं, मग दुसरं. एकात पोटॅशियम बायक्रोमेट, दुसऱ्यात शिसं. दोन्ही आत भेटली की पिवळाधमक साका बसतो आणि केसाहून बारीक वाहिन्यासुद्धा रंगून निघतात. काही ठिकाणी मात्र दाब सोसला नाही. ठिपक्यातला वाहिन्यांचा झुबका फुटला, पिवळा रंग भोवतालच्या पिशवीत सांडला, आणि पिशवीतून थेट नळीत उतरून वळणावळणानं पुढं गेला. ही पिशवी म्हणजेच आजचं बोमनचं संपुट, आणि ते नळीचंच फुगलेलं टोक होतं. दुसऱ्या एखाद्यानं हा नमुना वाया गेला म्हणून फेकून दिला असता. बोमननं सांडलेल्या रंगाची वाट धरली.

पण तो तेवढ्यावर भिस्त ठेवत नाही, आणि इथं हा निबंध मला सगळ्यात जास्त आवडतो. दाबानं फुटलेला रंग खोटी वाटही पाडू शकतो, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो रंग न घातलेल्या, ताज्या मूत्रपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली घेतो. बेडकाच्या कापात त्याला पिशवीपासून निघणाऱ्या नळीच्या मानेशी सूक्ष्म रोमांची हालचाल दिसते. प्राणी मेला तरी त्या रोमांची लाट नळीच्या दिशेनं चालूच आहे. एक साक्ष फुटलेल्या वाहिनीची, दुसरी जिवंत रोमांची. दोन्हींचं म्हणणं एकच. पुढं घोडा, पोपट, बोआ जातीचा अजगर अशी वेगवेगळ्या प्राण्यांची मूत्रपिंडं तो तपासतो आणि सगळीकडे तीच मांडणी शोधून काढतो.

रचना पक्की झाल्यावर तो उपयोगाकडे वळतो. त्याचा प्रश्न साधा आहे: हा झुबका नळीच्या अगदी टोकाशीच का? मधे कुठंही असता तरी चाललं असतं. शिवाय आत शिरणारी वाहिनी एकदम अनेक बारीक वेटोळ्यांत फुटते, त्यामुळे रक्ताचा वेग मंदावतो. बाहेर पडणारी वाहिनी बहुधा आत येणारीपेक्षा अरुंद असते. आणि झुबक्यावर इतर ग्रंथींत असतं तसं पेशींचं जाड अस्तर दिसत नाही. इतक्या गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. रक्तातून पाणी सुटायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. पाणी टोकाशी सुटतं आणि सबंध नळी धुऊन काढत खाली येतं, असं तो ठरवतो. रोगात लघवीतून जाणारी साखर आणि अल्ब्युमिन बहुधा याच उघड्या वाहिन्यांतून निसटत असावीत, असंही जाता जाता सुचवून ठेवतो. आज डॉक्टर लघवीत प्रथिनं आली की आधी ग्लोमेरुलसचा, म्हणजे याच झुबक्याचा, संशय घेतात. झुबक्यावर अस्तर मुळीच नाही हे मात्र खरं ठरलं नाही. त्याला बोटांसारखी टोकं गुंफणाऱ्या पेशींचं आवरण असतं; पण ते नीट पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. त्या आवरणातून पाणी आणि लहान रेणू सुटतात, मोठी प्रथिनं अडतात.

पाणी टोकाशी सुटतं हे बोमनचं वाचन आजही उभं आहे, फक्त त्याचं प्रमाण त्यानं कल्पनेतही धरलं नसेल. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नळ्या, म्हणजे दहा लाख झुबके. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. त्या झुबक्यांतून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर. तोच दिवसात साठेक वेळा गाळणीतून फिरतो. आणि लघवी होते दीड-दोन लिटर. उरलेलं पाणी गेलं कुठं?

हा प्रश्न बोमनपुढे उभाच राहिला नाही. नळीच्या भिंतींनी युरिआ, युरिक आम्ल असे लघवीतले खास पदार्थ रक्तातून ओढून नळीत सोडायचे आणि टोकाकडून आलेल्या पाण्यानं ते वाहून न्यायचे, अशी कामाची वाटणी त्यानं केली. आधार काय? इतर ग्रंथींच्या अस्तराच्या पेशी स्राव तयार करतात, तशाच याही करत असणार. तोवर तो जे डोळ्यांनी दिसलं त्याच्याबाहेर फारसा गेला नव्हता. इथं त्यानं शेजारच्या ग्रंथीचा दाखला उसना घेतला आणि इथंच त्याचा पाय घसरला.

गंमत म्हणजे उलट बाजूचा पुरावा त्याच्याच हातात होता. झुबक्यातून बाहेर पडलेली वाहिनी सरळ नीलेला मिळत नाही, नळीभोवती पुन्हा जाळं करते, हे त्यानंच नीट दाखवलं. यकृतात जाणाऱ्या प्रतिहारी नीलेशी त्यानं तिची तुलना केली. बोआमध्ये तर शरीराच्या मागच्या भागातून आलेलं रक्तही याच जाळ्यात मिसळताना त्याला दिसलं. म्हणजे झुबक्यात पाणी गमावलेलं रक्त नळीच्या अंगावरून जातं हे त्यानं पाहिलं, आणि त्याचा अर्थ लावला की हे रक्त आता नळीला काहीतरी द्यायला निघालंय. आज आपण तीच आकृती नेमकी उलटी वाचतो. झुबक्यात रक्तद्रवाचा सुमारे पाचवा भाग गाळून जातो, प्रथिनं मागं राहतात, म्हणून पुढं जाणारं रक्त दाट असतं आणि त्याचा दाब उतरलेला असतो. असं रक्त पाणी परत ओढायला टपलेलं. प्रथिनांची ही ओढ किती मोठी असते हे अर्नेस्ट स्टार्लिंगनं शतक संपता संपता मोजून दाखवलं. बोमनला चित्र अचूक दिसलं. बाणाची दिशा तेवढी चुकली.

बोमनच्या निबंधाच्याच वर्षी, १८४२ मध्ये, मारबुर्गमध्ये कार्ल लुडविग नावाच्या जर्मन तरुणानं याच झुबक्याबद्दल दुसरं टोक पकडलं. दोघांचाही जन्म १८१६ चा. लुडविगच्या मते रक्ताच्या दाबानं झुबक्यातून प्रथिनं आणि रक्तपेशी सोडून बहुतेक सगळंच गाळलं जातं आणि नळीतून पाणी परत रक्तात शिरतं. बोमनचं मूत्रपिंड तांदळातले खडे वेचून टाकतं. लुडविगचं सगळं सूप पालथं करतं आणि दाणे परत भरतं. दुसरी रीत उधळेपणाची वाटते खरी. पण रक्तात कधी कुठला नवा खडा येईल हे आधी कुणाला सांगता येतं? पालथं करून दाणे ओळखले की खड्यांची यादी ठेवावी लागत नाही.

निवाडा व्हायला १९२४ उजाडलं. फिलाडेल्फियात जोसेफ वर्न आणि आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांनी बेडकाच्या जिवंत मूत्रपिंडातल्या एकेका संपुटात काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून आतला थेंब बाहेर काढला. थेंबात प्रथिनं नव्हती, साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. साखर गाळली जाते आणि वाटेत परत घेतली जाते, हे एका थेंबानं सांगितलं. आपल्या शरीरात नळीचा पहिला नागमोडी भाग जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आणि मीठ, आणि साखर तर बहुतेक सगळीच परत घेतो. रक्तातली साखर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या पुढं गेली की त्याची झेप अपुरी पडते आणि मधुमेह्याच्या लघवीत साखर दिसू लागते. पुढचा केसाच्या पिनेसारखा वळसा याकोब हेन्लेनं १८६२ मध्ये दाखवला, बोमनच्या निबंधात तो नाही. तहानलेल्या माणसाची लघवी दाट होते ती त्या वळशामुळे. ती स्वतंत्र मोठी कथा आहे.

बोमनची वाटणी पार खोटी ठरली असं मात्र नाही. पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत युरिक आम्लाचा मोठा भाग खरोखरच नळीच्या भिंतीतून आत सोडला जातो. ज्याच्यापुढे पोपट आणि बोआ होते त्यानं तसं म्हणावं यात नवल नाही. समुद्रातल्या काही माशांच्या मूत्रपिंडात तर झुबके मुळातच नसतात, सगळं काम नळीच करते. अमेरिकी शास्त्रज्ञ ई. के. मार्शलनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा माशांवर प्रयोग करून नळीचं स्रवणं वादापलीकडे नेलं.

माणसाच्या नळीतही ही जुनी हातोटी शाबूत आहे. पेनिसिलिन नवं होतं तेव्हा याचा चांगलाच जाच झाला. नळ्या ते रक्तातून भराभर बाहेर टाकत. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णावर प्रयोग करताना औषध इतकं तुटपुंजं होतं की त्याच्याच लघवीतून ते पुन्हा वेगळं करून टोचावं लागलं. पुढं पेनिसिलिन मुबलक झालं तरी नळीचा हा झपाटा कमी करायला वेगळं औषध शोधण्यात आलं, त्याचं नाव प्रोबेनेसिड. ते नळीतली नेमकी तीच वाट अडवतं. बोमन स्वतः मात्र त्या निबंधानंतर मूत्रपिंड सोडून डोळ्यांकडे वळला. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात त्यानं नेत्रवैद्य म्हणून नाव काढलं, आणि बुबुळावरच्या एका पातळ पडद्यालाही त्याचंच नाव आहे.