मंगळावरची निळी वाळू

मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांचा निळा फोटो बरेच दिवस माझ्या फोनचा वॉलपेपर होता. मग कळलं, तिथली वाळू निळी नाहीच. ती काळपट आहे, बेसाल्टची. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या खडकाची.

फसल्यासारखं वाटलं. पण २००६पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचा ‘हायराइज’ कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. तो दिसावा म्हणून रंग बदलतात, आणि त्यामुळेच वाळू आणि धूळ वेगळी ओळखू येते. हे खोटं नाही, भाषांतर आहे.

खोटं सुरू होतं ते खालची माहितीची ओळ गाळल्यावर. मग बर्फ विरताना घसरलेल्या वाळूचे काळे पट्टे ‘मंगळावरची झाडं’ म्हणून फिरतात. ओळ गाळून फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांत मीही होतो.