ढोलकी कोणाच्या हातात?

गाणाऱ्यांचा गट फुटला की पहिलं भांडण फलकावरून लागतं. फलक कुणाकडे राहणार? मग पेटी कुणाच्या वर्गणीतून आली होती ते निघतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी छाती ठोकून म्हणतं, खरे आम्हीच. दिव्यात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यात माझाही हात होता. ते पुढे सांगतो. आधी परदेशातल्या पंकवाल्या पोरांचं सांगतो, कारण गेले चार महिने मी तेच ऐकतोय.

ऐकतोय म्हणजे दिवा-वसई गाडीत, कानात हेडफोन घालून. आजोबा परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. मी भिवंडीला सायझिंगमध्ये. सुताला खळ पाजायची, वाळवायची, बीमवर गुंडाळायची. बारा तास वाफेत. तिथं मोबाईल बाहेर काढायची सोय नाही, म्हणून जे काय ऐकायचं ते जाता-येता. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं. पण चिडलेला माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

पंक हा शब्द इंग्रजीत शिवीच होता. टुकार, उडाणटप्पू, कामाचा नाही असा पोरगा. ती शिवी पोरांनी उचलली आणि स्वतःचं नाव म्हणून लावली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९७४ ते १९७७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये हे गाणं उभं राहिलं. गिटारचे तीन कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, संगीताच्या शाळेचं तोंड न पाहिलेली पोरं. लगेच हुरळून जाऊ नका. नाझींचं चिन्ह छातीवर मिरवणारेही त्यांत होते, का तर म्हणे लोकांना चिडवायला. ज्या चिन्हाखाली लाखो माणसं मारली गेली ते शर्टावर घालून कुणाला चिडवणार? ज्याच्या घरचं माणूस मेलं त्यालाच ना? अशा चिडवण्याला मी विद्रोह म्हणत नाही, मग मागे ड्रम कितीही जोरात वाजो.

पण त्यांच्यातला एक गट मला सोडवत नाही. रामोन्स. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार पोरं, १९७४ साली एकत्र आली. नात्याची कुणी नाहीत. चौघांनी आडनाव एकच घेतलं, रामोन. जोई रामोन, जॉनी रामोन, डी डी रामोन, टॉमी रामोन. टॉमीने १९७८ ला ड्रम सोडला, तिथं बसलेला मार्की, तोही रामोन. १९८९ ला डी डी बाहेर पडला आणि त्याच्या जागी आलेल्या पोराचं घरचं आडनाव वॉर्ड, तो झाला सी. जे. रामोन. म्हणजे आडनाव बापाकडून आलेलं नाही, कामाकडून आलेलं. जो येईल, वाजवेल, तो रामोन.

मित्रांनो, हे वाचून तुमच्या पोटात काही हललं नाही तर तुम्ही कधी भाड्याने खोली शोधलेली नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न 'पूर्ण नाव काय?' पहिलं नाव सांगितलं की समोरचा थांबतो, पुढचं ऐकायला कान लांब करतो. पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आडनाव म्हणजे जात, जात म्हणजे खोली आहे की नाही त्याचा निकाल. आपल्या शाहिरांनीही नावं घेतली. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाला. नाव बदललं, धर्म झाकला नाही. वाटेगावचा तुकाराम साठे अण्णाभाऊ झाला. पण दहा जणांच्या ताफ्याने एकच आडनाव घेऊन स्टेजवर उभं राहावं, हे आपल्याला का सुचलं नाही? मी उत्तर देत नाही, मला येत नाही.

आणि हेही सांगतो, आडनाव एक झाल्याने भाऊबंदकी काही सुटली नाही. जॉनी उघड उजव्या पक्षाचा, जोई त्याच्या उलट. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गाडीतून फिरायचे, स्टेजवर चढायचे, वाजवायचे, उतरायचे. असे दोन हजारांवर कार्यक्रम केले, शेवटचा ६ ऑगस्ट १९९६ ला. गट सोडून गेलेला डी डी मागे राहिलेल्यांसाठी गाणी लिहीत राहिला, आणि ते ती गात राहिले. ही गोष्ट मी दोनदा वाचली. गेलेला माणूस गाणी पाठवतो आणि राहिलेले ती घेतात! आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटोसुद्धा फलकावरून खरडून काढतात.

याच्या उलट दुसरा गट, सेक्स पिस्तल्स, लंडन, १९७५. तिथे फेब्रुवारी १९७७ मध्ये ग्लेन मॅटलॉक गेला. बहुतेक गाण्यांच्या बांधणीत ज्याचा हात होता तो हा माणूस. जागेवर सिड व्हिशस आला, त्याला गिटार धड येत नव्हती, पण चेहरा होता. फोटोत शोभायचा. त्या वर्षी जो एकुलता एक अल्बम निघाला त्यात त्याच्या वाट्याचं वाजवणं बहुतेक दुसऱ्यानेच उरकलं. जानेवारी १९७८ मध्ये गट मोडला, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिड मेला, वय २१. आता दुकानातल्या बनियनवर कोण आहे? सिड. गाणं बांधणारा गेला आणि चित्र राहिलं. माणसं बदलणं वाईट असं माझं म्हणणं नाही. कोण बदलतं, कशासाठी बदलतं, हे बघा. बाजाराने बदललेला ताफा आणि पोटाने बदललेला ताफा सारखा वाजत नाही.

आता आपल्याकडे या. फुटीचा इतिहास आपल्याला गोऱ्यांनी शिकवायची गरज नाही. १९७२ ला पँथर, १९७४ ला फूट. बाकीचं तुम्हाला पाठ आहे. पण गाण्याचे ताफे कसे बदलले याकडे आपल्या समीक्षेने बघितलेलंच नाही. प्रस्थापितांना जलसा म्हणजे प्रचार वाटतो, म्हणून ते लिहीत नाहीत. आपण त्याला चळवळ म्हणतो, म्हणून त्यातलं गाणं ऐकत नाही. भीमराव कर्डकांनी आपल्या जलशाची हकिकत पुस्तक करून लिहून ठेवली म्हणून कळतं तरी. १९३० नंतरच्या त्या वर्षांत गण-गौळण बाजूला ठेवून गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेणारी माणसं कोण होती, काय खात होती. १९४४ चं लाल बावटा कलापथक म्हटलं की अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर ही तीन नावं आपण घडाघडा म्हणतो. मागे उभे राहून झील धरणारे कोण? त्यांची नावं सांगा. नाही येत.

झीलकरी. माझं सगळं म्हणणं या शब्दावर उभं आहे. पंकच्या ताफ्यात गायक, गिटार, ड्रम अशा जागा ठरलेल्या. एक गेला की भोक पडतं, ते बाहेरून माणूस आणून बुजवावं लागतं. शाहिरी ताफ्याची बांधणी वेगळी आहे. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी उचलतो. दहा वर्षं ओळ उचलणाऱ्याला सगळी गाणी पाठ असतात. शाहीर बसला की तो पुढे सरकतो. ताफ्यातच पुढचा ताफा वाढत असतो, केळीच्या बुंध्याला फुटावा तसा.

कबीर कला मंच बघा. २००२ मध्ये, गुजरातच्या कत्तलीनंतर, पुण्यात अमरनाथ चंडालिया यांनी उभा केला. वस्त्यांतली पोरंपोरी, शिकणारी, कामाला जाणारी. शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर, दीपक डेंगळे, पुढे ज्योती जगताप. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटात ती गाताना दिसतात. चित्रपट थोर आहे, मी तीनदा पाहिला. तरी एक तक्रार नोंदवतो. कॅमेरा शीतलताईंच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच रमतो. चूक त्याची नाही, तो आवाजच तसा आहे, जिथे सुरू होतो तिथं माणूस हातातलं काम खाली ठेवतो. पण मागचे हात बघा, डफावरचे. ओळ संपायच्या आत मागून जी उचल येते ती ऐका. ती ऐकली असती तर शीतल गेल्या म्हणजे मंच संपला असं आमच्या शहाण्यांनी म्हटलं नसतं.

तो ताफा ना बाजाराने बदलला ना चेहऱ्याने. तो वॉरंटने बदलला. २०११ मध्ये डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना अटक झाली, माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप. बाकीचे भूमिगत झाले. डेंगळेंना जानेवारी २०१३ मध्ये उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले, आरोप नाकारत, आम्ही गाणारी माणसं आहोत असं सांगत. शीतलताई तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. मे महिन्यात गोरखे आणि गायचोरही असेच हजर झाले. माळी, गोरखे, गायचोर यांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयातून. पुढे शीतल-सचिन यांनी नवयान महाजलसा हा वेगळा ताफा उभा केला. इकडे मंचाचा फलक गोरखे, गायचोर, जगताप यांनी धरला. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये या तिघांना एनआयएने उचललं. आरोप निश्चित व्हायच्या आधीच त्यांची वर्षं तुरुंगात गेली.

कुठल्या रॉकवाल्याने असा ताफा चालवून दाखवावा! आज ढोलकी आहे, उद्या ढोलकीवाला येरवड्यात. तरी ओळ उचलली गेली, कारण उचलणारे तयार होते. महाजलसा आणि मंच यांपैकी खरा कोण, हा प्रश्न मला फालतू वाटतो. एका बुंध्याचे दोन फुटवे आहेत. प्रश्न विचारायचा तर हा विचारा, की या पंधरा-वीस वर्षांत आपल्या वस्तीत झीलकरी किती तयार झाले? माझ्या वस्तीचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते चांगलं नाही.

त्याच चित्रपटाची सुरुवात विलास घोगरेपासून होते. ११ जुलै १९९७, रमाबाई नगर, गोळीबार, दहा माणसं गेली. १५ जुलैला विलासने आपल्या झोपडीत स्वतःला संपवलं, डोक्याला निळी पट्टी बांधून. सगळ्यांना एवढं माहीत असतं. पण हा आवाज ज्या डाव्या ताफ्याचा होता, त्या ताफ्याच्या संघटनेने आधीच त्याला बाहेर काढलं होतं, हेही चित्रपट लपवत नाही. गरिबीत चार पैशांसाठी दुसरीकडे गायला. शिस्त मोडली. शिस्त हवीच, मी नाही म्हणत नाही. पण समितीने माणूस काढताना त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजलं होतं ते कुणी बघितलं का? वॉरंटने माणूस गेला तर आपण घोषणा देतो. आपल्याच ठरावाने गेला तर इतिवृत्तात एक ओळ लिहून पुढच्या विषयाकडे वळतो.

आता दिव्याचं. आमचा ढोलकीवाला. नाव लिहीत नाही. दातिवलीच्या बाजूला राहतो, दिवसा गाळ्यात वेल्डिंग. हळदीच्या मोसमात आगरी गावांतून बेंजो पार्टीला वाजवायला जायचा. एका रात्रीत त्याची आठवड्याची मजुरी सुटायची. इथवर कुणाची तक्रार नव्हती. नवरात्रात देवीपुढे वाजवताना कुणीतरी मोबाईलवर त्याला टिपलं आणि ते सगळीकडे फिरलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस देवीपुढे वाजवतो! बैठक लागली. आम्ही आठ जण. काढून टाका म्हणून पाच हात वर गेले. पाचवा माझा.

तो काहीच बोलला नाही. ढोलकी पथकाची होती. त्याने ती पुसली, गवसणीत घातली, कोपऱ्यात ठेवली आणि चप्पल घालून निघून गेला.

त्याच्या जागी एक पोरगा आला, कॉलेजातला, मोबाईलवर बघून शिकलेला. हात स्वच्छ आहे, ठेका चुकत नाही. अडचण एवढीच की मी चुकतो. पाळी करून आलेला माणूस, तिसऱ्या कडव्याला शब्द सापडत नाही. जुना असताना तो माझ्या तोंडाकडे बघायचा आणि ओळ आठवेपर्यंत ढोलकी घुमवत ठेवायचा, लोकांना वाटायचं मुद्दामच आहे. टाळ्या पडायच्या. हा पोरगा ठेका धरून पुढे निघून जातो आणि मी मागे राहतो. तो बरोबर आहे, मोजून बघितलं तर तोच बरोबर. पण शाहिरीत ढोलकी मोजायला नसते, गाणाऱ्याला धरून ठेवायला असते. हे मला काढायच्या आधी कळत नव्हतं असं नाही. बैठकीत ते सांगायची लाज वाटली, कारण तिथे प्रतिज्ञांवर बोलणं चाललं होतं आणि मी माझ्या तिसऱ्या कडव्याचं काय सांगणार?

प्रतिज्ञांचा प्रश्न खोटा नव्हता. देवीपुढे वाजवू नये हे माझंही मत आहे, आजही. पण ते त्याच्यासोबत बसून बोलायचं होतं. आम्ही त्याच्याविषयी बोललो, तो समोर बसलेला असताना.

येत्या रविवारी बैठक आहे. मी ठराव लेखी दिला आहे. जुन्याला परत बोलवा, नवा पोरगाही राहू दे, त्याने जुन्याच्या शेजारी बसावं आणि झील धरत धरत शिकावं. हळदीच्या कमाईवर पथकाने बोलू नये, पथक कुणाला पगार देत नाही. फलक ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहू दे. दोघा-तिघांनी आत्ताच नाक मुरडलं आहे, तेव्हा ठराव पडेलही.

त्याला अजून विचारलेलं नाही. शनिवारी पाळी सुटली की दातिवलीला उतरून त्याच्या गाळ्यावर जाणार आहे.